सात लाखांची वाढ, उरलेले तीस रुपये

प्रश्न थोडक्यात असा: ‘आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. दोन बेडरूमचा स्वतःचा फ्लॅट, मिस्टरांच्या नावावर, कर्ज फिटलेलं. त्यांना सध्या वर्षाला १८ लाख पगार, ऑफिस खराडीला. बंगलोरहून २५ लाखांची ऑफर आलीय, ऑफिस व्हाइटफील्डला. मी एका खासगी शाळेत शिकवते, महिना ३८ हजार. माझ्या नोकरीचं तिथे गेल्यावर बघू असं ठरलंय. मुलगी सातवीत, सीबीएसईला, डॉक्टर व्हायचं म्हणते. सासूबाई ७१ वर्षांच्या, आमच्याकडेच असतात. नेटवर दोन्ही शहरांचा खर्च जवळपास सारखा दाखवतात आणि राहणीमानात बंगलोर वर. ऑफिसपासून ३ किलोमीटरवर ४२ हजारांत घर मिळतंय, मेंटेनन्स ४ हजार वेगळा. पुण्याचा फ्लॅट २२ हजारांनी जाईल. जावं का?’

ताई, तुमचे आकडे चोख आहेत. फक्त एका ठिकाणी आकडा हवा तिथे ‘बघू’ असा शब्द पडलाय, आणि सगळं घोडं तिथेच अडणार आहे. पण त्याच्याकडे नंतर येते.

मी एकोणीस वर्षं एका कंपनीत बदल्यांचं टेबल सांभाळलं. कोणाला चेन्नईला पाठवायचं, कोणाला हैदराबादहून आणायचं, घरभाड्याचा फरक किती द्यायचा, सामानाचा ट्रक कधी बोलवायचा, हे माझं रोजचं काम. २०११ ते २०१४ मी स्वतः बंगलोरला राहिले. (कागदोपत्री बेंगळुरू, पण आपल्या तोंडी बंगलोरच, म्हणून तेच लिहितेय.) त्या तीन वर्षांत मी दुसऱ्यांना देत होते ते सल्ले स्वतः किती पाळले नाहीत, हेही कळलं.

आधी त्या नेटवरच्या तुलनेचं बघू. नम्बिओसारख्या संकेतस्थळावर लोकच येऊन आपापल्या भागातले दुधाचे, भाड्याचे, रिक्षाचे भाव भरतात आणि त्याची सरासरी निघते. आकडे खोटे नसतात. पण भरणारा एकटा राहणारा पोरगा आहे की पाच माणसांचं घर चालवणारी बाई, हे तुम्हाला दिसत नाही. मर्सरसारख्या सल्लागार कंपन्यांचे अहवाल तर परदेशात अधिकारी पाठवणाऱ्या कंपन्यांसाठी असतात. सरकारी महागाई निर्देशांकही कोणी कोणी पुढे करतं. तो एकाच ठिकाणचे भाव गेल्या काही वर्षांत किती चढले ते सांगतो. पुणे महाग की बंगलोर, हे त्यातून निघतच नाही. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यात मुंबई, पुणे आणि बंगलोर तिन्ही ‘एक्स’ वर्गात, टक्केवारी एकच. म्हणजे केंद्राच्या लेखी मुंबईतल्या परळचं भाडं आणि पुण्यातल्या धायरीचं भाडं सारखंच.

आणि राहणीमानाची क्रमवारी? केंद्राच्या शहरी विकास खात्याने २०१८ मध्ये १११ शहरांची यादी काढली होती. पुणे पहिलं आणि बंगलोर ५८वं. मार्च २०२१ मध्ये पुढची यादी आली, त्यात दहा लाखांवरच्या शहरांमध्ये बंगलोर पहिलं आणि पुणे दुसरं. तीन वर्षांच्या आत एखादं शहर ५७ पायऱ्या चढत नाही. मोजायची पट्टी बदलली होती. पहिल्या वेळी रस्ते, पाणी, घरं अशा भौतिक सोयींना १०० पैकी ४५ गुण होते. दुसऱ्या वेळी निकषांची मांडणीच नवी होती आणि ३० गुण नुसते ‘नागरिकांना काय वाटतं’ याला होते. तेव्हा यादी बघायची तर बघा, पण गुण कशाला किती हे तुमच्या घरात ठरू द्या. तुमच्याकडे ७१ वर्षांची आई आहे, डॉक्टर व्हायचं म्हणणारी मुलगी आहे. यादीवाल्याकडे नाही.

या सगळ्या तुलनांमध्ये तुमच्यापुरती एक मोठी चूक आहे. दोन्ही शहरांत माणूस भाड्याने राहतो असं धरून त्या चालतात. तुम्ही पुण्यात मालक आहात आणि तिकडे भाडेकरू होणार. हा फरक कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये बसत नाही. म्हणून वही काढा, मी मांडते तसं मांडा.

पगारापासून सुरू करू. १८ आणि २५ हे दोन्ही आकडे मी रोख पगाराचे धरतेय. ऑफरपत्र आधी नीट वाचा, कारण त्यातल्या २५ लाखांत कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि ‘कामगिरीनुसार’ मिळणारी रक्कम कोंबलेली असेल तर हातात येणारा पगार बराच खाली येतो. तसं नाही असं धरू. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीने, ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन, १८ लाखांवर कर १,५०,८०० रुपये आणि २५ लाखांवर ३,१९,८०० रुपये. पगार वाढला ७ लाखांनी, त्यातले १,६९,००० कराला गेले. उरले ५,३१,०००, म्हणजे महिन्याला ४४,२५०. व्यवसाय कर दोन्हीकडे वर्षाला अडीच हजारांच्या घरात, तो सोडून द्या.

आता घर. आज तुमचा घराचा खर्च सोसायटीच्या मेंटेनन्सएवढाच. पत्रात तो आकडा नाही, मी ३,५०० धरते. तिकडे भाडं आणि मेंटेनन्स मिळून ४६ हजार जाणार. पुण्याच्या फ्लॅटचे २२ हजार येतील, पण ते २२ हजार राहत नाहीत. पुण्यात मेंटेनन्स सहसा मालकच भरतो. वर मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, तरी तीनेकशे धरा. मग कर. वर्षाच्या २,६४,००० भाड्यातून ३० टक्के सूट मिळते, उरलेल्या १,८४,८०० वर तुमच्या मिस्टरांचा वरचा दर, उपकरासह ३१.२ टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे ४,८००. अकरा महिन्यांचा करार संपला की नवा भाडेकरू, एजंटचं कमिशन, रंगाचा हात, एखादा महिना कुलूप. वर्षाकाठी एक भाडं गेलं असं धरा, महिन्याला १,८००. हातात राहतात ११,६००. शिवाय पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, फ्लॅट भाड्याने दिला की ती जाते. ती रक्कम मी धरलेलीच नाही. ४६,००० वजा ११,६०० म्हणजे ३४,४००. त्यातून आजचे ३,५०० गेले. घरापायी दरमहा जादा ३०,९००. ३१ हजार म्हणू.

४४,२५० मधून ३१ हजार गेले, राहिले १३,२५०.

यानंतर येतात माहेर-सासरच्या फेऱ्या. गणपती, दिवाळी, एखादं लग्न, एखादं आजारपण. आजारपणाचं तिकीट नेहमी आदल्या रात्री काढावं लागतं आणि ते विमानाचंच असतं. पुणे-बंगलोर रस्त्याने सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटर. आगगाडीने रात्र घालवावीच लागते. सासूबाईंना बसने नेणार नाही तुम्ही. चार माणसांचे वर्षाला १ लाख २० हजार मी धरते, आणि माझ्या अनुभवाने पहिल्या वर्षी ते जास्तच होतात, कारण पहिल्या वर्षी माणूस सारखा घरी पळतो. महिन्याला १० हजार. उरले ३,२५०.

मग डिपॉझिट. पुण्यात दोन-तीन महिन्यांचं भाडं देऊन चालतं, बंगलोरला पूर्वी सर्रास दहा महिन्यांचं मागायचे. हल्ली पाच-सहावर येतात. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांची मर्यादा सुचवलीय, पण घरमालकासमोर तो कागद फडकवून उपयोग नाही. सहा महिन्यांचे २,५२,००० बिनव्याजी अडकले. ७ टक्क्यांनी त्याचं व्याज महिन्याला १,४७०. घर सोडताना रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घ्यायची तिथे रीतच आहे, करारात एका ओळीत लिहिलेली असते. दोन वर्षांत घर सोडलंत तर महिन्याला १,७५०. दोन्ही मिळून ३,२२०.

३,२५० वजा ३,२२०. उरले तीस रुपये.

मी आकडे गोल केलेत, त्यामुळे त्या तिसाला तसा अर्थ नाही. शून्य म्हणा. वाणसामान, दूध, कामवाल्या मावशी, शाळेची फी सगळं पुण्याइतकंच लागेल असंही मी उदारपणे धरलंय, आणि नव्या शाळेचं प्रवेशशुल्क तर मोजलंच नाही. ७ लाखांची वाढ ही अशी शून्यावर येते, आणि अजून तुमच्या ३८ हजारांचा विषय निघालेला नाही.

आता तो ‘बघू’. तुमचा पगार वर्षाला ४ लाख ५६ हजार. त्यावर एक पैसा आयकर नाही, म्हणजे जवळजवळ अख्खा घरात येतो. तो थांबला की घर महिन्याला ३८ हजारांनी खड्ड्यात. तेवढे पैसे मिस्टरांच्या पगारातून भरून काढायचे तर ३१.२ टक्के कर धरून वर्षाला ६ लाख ६३ हजार जास्त कमवावे लागतील. म्हणजे तुम्ही नोकरी न करता आज आहात तिथेच राहण्यासाठी ऑफर २५ ची नाही, ३१ लाख ६० हजारांची हवी. हा आकडा मिस्टरांना दाखवा. बदलीचा अर्ज माझ्या टेबलावर येई तेव्हा मी हाच प्रश्न विचारायची, ‘मॅडमच्या नोकरीचं काय?’ आणि दहातले आठ जण हसून म्हणायचे, ‘ती काय, तिथे मिळेलच की.’ मिळायचीही, पण सात-आठ महिन्यांनी, शाळेचं वर्ष सुरू होताना, आणि ज्येष्ठता धुऊन पहिल्या पायरीवर. तुमचं बी.एड. झालेलं असेल, सीबीएसईचा अनुभव असेल तर व्हाइटफील्डच्या बाजूला शाळा भरपूर आहेत. पण अर्ज आत्ता करा, पुण्यात बसून. मुलाखतीला बोलावलं की जा. शाळेचं नेमणुकीचं पत्र तुमच्या हातात पडलं की मगच त्यांनी त्यांच्या ऑफरवर सही करावी. कंपन्या आठ-दहा दिवस थांबतात, हे एचआरमध्ये बसलेल्या बाईकडून घ्या. तुमच्या शाळेचं पत्र यायला त्याहून जास्त दिवस लागले तर मुदत पुन्हा मागा. फार तर नाही म्हणतील.

मुलीचं मी यापेक्षाही पुढे ठेवते, कारण पैशाची चूक दोन वर्षांत भरून निघते, ही निघत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात, ८५ टक्के राज्याच्या. महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत बसायचं तर अधिवास दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली हवी, असा साधारण नियम. कर्नाटकात त्यांच्या कोट्यासाठी पहिली ते बारावी यातली किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेली लागतात. मुलगी आठवीला तिकडे गेली तर बारावीपर्यंत पाचच वर्षं होतात. म्हणजे इकडचं दार बंद आणि तिकडचं उघडलेलं नाही. उरतो तो १५ टक्क्यांचा कोटा, नाहीतर खासगी आणि अभिमत महाविद्यालयं, ज्यांची फी तुम्ही एकदा बघाच. दोन्ही नियमांना अपवाद आहेत, सरकारी आणि सैन्यातल्या नोकरदारांच्या मुलांसाठी वगैरे, पण तुम्ही त्यात नाही. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, क्लासवाल्याच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. अभियांत्रिकीला असं नाही. तिथे आईवडिलांपैकी एकाचा महाराष्ट्राचा अधिवास असला तर राज्याच्या जागांचा रस्ता उघडा राहतो. माझ्या टेबलावरून बदली झालेल्या एकाची मुलगी नववीत असताना गेली होती. बारावीच्या निकालानंतर तिच्या वडिलांनी मला फोन केला, ‘हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?’ मला तेव्हा माहीतच नव्हतं. तेव्हापासून मुलांचं वय विचारल्याशिवाय मी कोणाशी भाड्याबद्दल बोलत नाही.

वाट काढता येते. आठवी तिथे करून नववीला परत यायचं आणि दहावी पुण्यातून द्यायची. पण मग ही बदली वर्ष-दोन वर्षांचीच, हे आजच मान्य करून निघायचं. आठवीपुरतं गेलं तरी कन्नड आहेच. २०१५ च्या कायद्याने तिथल्या सगळ्या शाळांत, सीबीएसईतही, टप्प्याटप्प्याने कन्नड आणलीय. मधेच आलेल्या मुलाला शाळा कसं सांभाळून घेते, हे प्रवेशाच्या आधी मुख्याध्यापकांना विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा.

बंगलोरचं ट्रॅफिक हा आपल्याकडचा आवडता विषय. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या मोजणीत १० किलोमीटरला बंगलोरमध्ये सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद लागली आणि पुण्यात ३३ मिनिटं २२ सेकंद. एका मिनिटाचाही फरक नाही! तेव्हा खराडी ते सिंहगड रोड रोज करणाऱ्या माणसाला बंगलोरच्या ट्रॅफिकची भीती घालण्यात अर्थ नाही. कोंडी कुठे जास्त यापेक्षा घर ऑफिसपासून किती लांब, हे महत्त्वाचं, आणि इथे तुमचं ४२ हजारांचं घर मला पसंत आहे. कोणी तुम्हाला सांगेल, दहा किलोमीटर बाहेर जा, ३० हजारांत मिळेल. १२ हजार वाचतील खरे. पण जायला-यायला मिळून ६८ मिनिटं, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे २५ तास. तासाला ४८० रुपये मिळवायचे म्हणून रोज बसमध्ये लटकायचं. मिस्टरांचा कर जाऊन तासाचा पगार हजाराच्या वर जातो. जवळचंच घर घ्या. या नोकरीत त्यांना जी खरी कमाई होणार आहे ती ही, रोजचा दीड-दोन तास. पहिल्यांदा मुलीशी संध्याकाळी उजेडात बोलता येईल. तुमच्या हिशोबात ही बाजू मी शून्य रुपयांची धरलीय, पण तुम्ही तशी धरू नका.

फक्त तुमची शाळा कुठे मिळते आणि मुलीची बस किती फिरते, हेही त्याच नकाशावर मांडा. घरातल्या एका माणसाचा प्रवास वाचवून दोघींचा वाढवला, असं मी पुष्कळ पाहिलंय. मेट्रोची जांभळी मार्गिका ऑक्टोबर २०२३ पासून व्हाइटफील्डपासून शहराच्या पश्चिम टोकापर्यंत सलग धावते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिकीट वाढून जास्तीत जास्त ९० रुपये झालं, पुण्याच्या मेट्रोत ते ३५. तरी त्या मार्गिकेवर कुठेही शाळा मिळाली तर तुमचा प्रवास सुसह्य होईल. माझ्या वेळी, २०११ च्या ऑक्टोबरात, एमजी रोड ते बैयप्पनहळ्ळी एवढाच तुकडा सुरू झाला होता. आम्ही रविवारी हौसेने बसून यायचो, कामाचा उपयोग काही नाही.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझा पाय इथेच घसरला.

मी घर बघायला रविवारी गेले होते. आउटर रिंग रोडच्या आत एक नवी इमारत, तिसरा मजला, समोर गुलमोहर, नळाला धो धो पाणी. घरमालक म्हणाले, ‘वॉटर प्रॉब्लेम नहीं है.’ राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात पहाटे पाचला खाली ट्रकचा आवाज. टँकर. मग कळलं की कावेरीच्या सरकारी नळाची जोडणी इमारतीला नव्हतीच. एक बोअर होती, ती फेब्रुवारीत दम तोडायची आणि मेपर्यंत टँकर. पाण्याचा प्रॉब्लेम नव्हता हे मालकांचं म्हणणं तसं खरं, पैसे भरले की पाणी येत होतं. मेंटेनन्स करारात जेवढा लिहिला होता त्याच्या दुपटीच्या पुढे एप्रिलचं बिल आलं. बोअरचं पाणी इतकं जड की गीझरची कॉइल वर्षात दोनदा बदलली, बादलीच्या कडेला पांढरी पुटं, डाळ शिजेना. केस गळायला लागले तेव्हा मी दोष शांपूला देत होते.

त्या शहराला कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंप करून चढवत आणावं लागतं, शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर. बाहेरच्या भागांत नळ पोचायला वर्षं गेली. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली टंचाई तुम्ही बातम्यांत पाहिली असेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला, शहरात नंतर जोडलेल्या ११० गावांसाठी, आणि व्हाइटफील्डच्या आसपासची बरीच वस्ती त्यातच येते. पण टप्पा सुरू होणं वेगळं आणि तुमच्या सोसायटीच्या टाकीत पाणी पडणं वेगळं. पुण्यात तुम्हाला हे नवं नाही म्हणा, वाघोली-उंड्रीच्या बाजूला लोक तेच भोगतात. पण सिंहगड रोडला, खडकवासला उशाशी घेऊन राहणाऱ्या माणसाला पाण्याचं बिल हा खर्चाचा वेगळा रकाना असतो हे सुचतच नाही. मला सुचलं नव्हतं, मीही धायरीचीच.

बाकीचं भराभर सांगते. गाडी बरोबर नेणार असाल तर बारा महिन्यांवर दुसऱ्या राज्यात राहिली की नवी नोंदणी करावी लागते, आणि कर्नाटकचा वाहनकर देशातल्या चढ्या करांपैकी आहे. पुण्याच्या आरटीओकडून उरलेल्या वर्षांचा कर परत मिळतो, पण त्यासाठी चपला झिजवाव्या लागतात. मिस्टरांच्या नव्या कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर राज्य बदललं तरी चालणारा बीएच मालिकेचा नंबर घेता येतो, ते आधी विचारा. विजेचा खर्च कमी होईल. हवा थंड, एसी लागत नाही, आणि तिथल्या गृहज्योती योजनेत घरगुती ग्राहकांना, भाडेकरूंनासुद्धा, वापराच्या सरासरीनुसार २०० युनिटपर्यंत वीज मोफत आहे. मीटरला आधार जोडून घ्यावं लागतं. सासूबाईंचं ७० च्या वरच्यांसाठीचं आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर काढा, उत्पन्नाची अट नाही आणि राज्य बदललं तरी चालतं. व्हाइटफील्डच्या आसपास त्या योजनेत कुठली रुग्णालयं बसतात ते यादीत बघून ठेवा.

तुमच्या पत्रात सासूबाईंचं वय आहे, मत नाही. त्यांना विचारलंत का? त्यांचे डॉक्टर दहा मिनिटांवर असतील, भाजीवाला नावाने ओळखत असेल, दुपारी कोणीतरी येऊन बसत असेल. हे त्यांचं राहणीमान. व्हाइटफील्डच्या गेटबंद सोसायटीत बाग, बाकडी, चालायला रस्ता सगळं पुण्याहून छान मिळेल, पण बाकड्यावर शेजारी बसलेल्या आजी तेलुगूत किंवा बंगालीत बोलतील. काही म्हाताऱ्या माणसांना त्याचं काही वाटत नाही, महिन्याभरात खुणांनी मैत्री जमवतात. काहींचं तोंड मिटतं. आमच्याकडचं एक कुटुंब सातव्या महिन्यात परत आलं. कारण म्हणून अर्जात ‘कौटुंबिक’ लिहिलं होतं. मी फोनवर विचारलं तेव्हा तो मुलगा म्हणाला, ‘मॅडम, आई दिवसभर टीव्हीशी बोलायला लागली होती.’ गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीत नाटकं होतात, पण व्हाइटफील्डहून ते शहराच्या पार मध्यात. रोजच्या दुपारचा प्रश्न त्याने सुटत नाही.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल मी नको म्हणतेय. तसं नाही. २५ लाखांसाठी जाऊ नका, एवढंच म्हणतेय, कारण ते २५ लाख तुम्हाला दिसणारच नाहीत. मिस्टरांच्या क्षेत्रात बंगलोरला पुढची नोकरी चालत जाण्याच्या अंतरावर असेल, पुण्यात तशी नसेल, उद्या ही नोकरी गेली तर तिथे महिन्यात दुसरी लागेल, असं त्यांना मनापासून वाटत असेल, तर जायला ते कारण पुरेसं आहे. मीही त्यासाठीच गेले होते, आणि परत आले ती दोन पायऱ्या वर चढून. पण मग हिशोब तिसऱ्या वर्षाच्या पगारावर मांडायचा आणि पहिली दोन वर्षं खिशातून काही घालायची तयारी ठेवायची. मुलीची दहावी त्या दोन वर्षांच्या आत कुठे बसते, तेही तिथेच लिहायचं.

आणि मागा. ऑफर हातात असताना माणूस जितकं मागू शकतो तितकं पुन्हा कधीच नाही. पगार वाढवायला कंपनी कां-कू करते, एकदाच्या खर्चाला सहसा करत नाही. सामानाचा खर्च, पहिले तीन-चार आठवडे राहायची सोय, घराच्या डिपॉझिटसाठी बिनव्याजी उचल, शाळेचं प्रवेशशुल्क. रुजू होण्याचा बोनस देत असतील तर किती महिन्यांच्या आत सोडलं की परत करावा लागतो, ती ओळ शोधून वाचा. आठवड्यातले दोन-तीन दिवस किंवा महिन्यातला एक आठवडा पुण्याहून काम करता येईल का, हेही विचारा. तसं जमलं तर पहिले सहा महिने त्यांनी एकट्याने जाऊन बघावं, हा माझा सगळ्यात आवडता सल्ला आहे आणि तो कोणी ऐकत नाही.

घर ठरवण्याआधी एकदा चौघं मिळून जा. एप्रिलात जा, आणि मंगळवार ते गुरुवार राहा, शनिवार-रविवारी अजिबात नको. त्या घरापासून ऑफिसला सकाळी नऊला एकदा जाऊन बघा, मुलीच्या शाळेपर्यंत साडेसातला. घरमालकाकडे मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांची मेंटेनन्सची बिलं मागा. पावसाळ्यातली दाखवतील, ती नकोत. कावेरीची जोडणी आहे म्हणाले तर पाणीपुरवठा मंडळाचं बिल दाखवा म्हणा. सोसायटीच्या गेटवर रखवालदाराशी बोला, टँकर दिवसाला किती येतात ते त्याच्या वहीत लिहिलेलं असतं. खाली इस्त्रीवाला असेल तर त्याच्याशी जास्त बोला. कोणत्या मजल्यावरचे लोक का सोडून गेले, कोणाच्या डिपॉझिटवरून भांडण झालं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं, आणि त्याला हिंदी येतं. सासूबाईंना तासभर बागेत बसवा आणि तुम्ही लांब जा. निघताना न्हाणीघरातल्या नळाखाली हाताला साबण लावून बघा. फेस येईना तर ते बोअरचं पाणी, मालक काहीही म्हणोत.